रेकॉर्ड खराब असताना अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरची नोकरी कशी मिळवायची

"दादा, माझ्या लायसन्सवर दोन तिकिटं आहेत आणि एक ॲक्सिडेंट. आता मला कोण कामावर घेणार?"

अमेरिकेत ट्रकच्या धंद्यात नव्याने आलेल्या आपल्या मुलांचे असे फोन मला येत असतात. (तिकीट म्हणजे इथे वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल झालेला दंड.) मी बरीच वर्षं स्वतः ट्रक चालवला. आता एका छोट्या कंपनीच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये बसतो आणि नोकरीसाठी आलेल्या अर्जांच्या फायली माझ्याच टेबलावर उघडल्या जातात. इतक्या फायली पाहिल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगतो: चूक केली म्हणून बाद झालेल्यांपेक्षा, अर्जात एक आणि रिपोर्टमध्ये दुसरं निघाल्यामुळे बाद झालेले ड्रायव्हर मी जास्त पाहिले. दोन तिकिटं असलेल्याला काम मिळतं. दोन तिकिटं असून "एकही नाही" असं लिहिणाऱ्याला मिळत नाही, कारण त्याच्या हातात आम्ही ८० हजार पौंड वजनाची गाडी कशाच्या भरवशावर द्यायची?

म्हणून अर्ज भरण्याच्या आधीपासून सुरुवात करू.

पायरी १: कंपनी जे कागद बघणार, ते आधी तुम्ही बघा

तुमच्याबद्दलची माहिती एका जागी नसते. ती निदान चार ठिकाणी असते आणि चारही ठिकाणी सारखीच असेल असं नाही.

पहिला कागद एमव्हीआर, म्हणजे तुमच्या ड्रायव्हिंगचा सरकारी रेकॉर्ड. हा तुमच्या राज्याच्या डीएमव्हीकडून, म्हणजे लायसन्स देणाऱ्या खात्याकडून मिळतो. त्यात तिकिटं, लायसन्सचं निलंबन, काही राज्यांत ॲक्सिडेंटही असतात. ज्या ज्या राज्याचं लायसन्स मागच्या ३ वर्षांत तुमच्याकडे होतं, त्या प्रत्येक राज्याचा एमव्हीआर मागवणं कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा न्यू जर्सी सोडून टेक्सासला आलात म्हणून न्यू जर्सीतलं तिकीट मागे राहिलं, असं समजू नका.

दुसरा पीएसपी. हा एफएमसीएसए या केंद्रीय खात्याच्या नोंदींवरून तयार होतो. त्यात मागच्या ५ वर्षांतले ट्रकचे अपघात आणि मागच्या ३ वर्षांतल्या रस्त्यावरच्या तपासण्या दिसतात. स्वतःचा पीएसपी १० डॉलरला ऑनलाइन मिळतो. लक्षात ठेवा, अपघातात चूक कोणाची होती याची फिकीर न करता तो इथे नोंदवला जातो. कोणी दगावलं, कोणाला जागेवरून दवाखान्यात न्यावं लागलं किंवा एखादी गाडी टो करावी लागली, की नोंद झालीच. मागून कोणी तुम्हाला ठोकलं असेल तरीही.

तिसरा डॅक रिपोर्ट. हायरराइट ही खासगी कंपनी तो ठेवते आणि पुष्कळ ट्रकिंग कंपन्या त्यात आपल्या जुन्या ड्रायव्हरांबद्दल लिहितात: कधी लागला, का सोडलं, परत घेऊ का. नवी मुलं सर्वांत जास्त अडकतात ती इथे. डिस्पॅचरशी, म्हणजे ट्रकला फेऱ्या नेमून देणाऱ्याशी, भांडण झालं म्हणून ट्रक वाटेतल्या ट्रकस्टॉपवर लावून घरी निघून गेलात, तर "गाडी सोडून गेला" अशी नोंद लागते. मी स्पष्ट सांगतो, ही नोंद दोन स्पीडिंग तिकिटांपेक्षा वाईट वाचली जाते. वर्षातून एकदा हा रिपोर्ट फुकट मागवण्याचा तुम्हाला हक्क आहे.

चौथं क्लिअरिंगहाऊस, म्हणजे केंद्राची ऑनलाइन नोंदवही. ६ जानेवारी २०२० पासून ड्रग आणि दारूच्या चाचण्यांच्या नियमांची उल्लंघनं इथे नोंदवली जातात. खातं उघडून स्वतःची नोंद फुकट बघता येते. तुमच्यावर काही नसलं तरी खातं उघडून ठेवाच, कारण नोकरीआधीच्या पूर्ण तपासणीसाठी तुमची ऑनलाइन संमती लागते आणि ती नसेल तर फाईल तिथेच थांबते.

चारही कागद समोर ठेवून एका वहीत एकच यादी करा: तारीख, राज्य, काय घडलं, निकाल काय लागला. पुढचं सगळं या यादीवर चालतं.

पायरी २: तुमची चूक कोणत्या वर्गात मोडते ते ओळखा

"रेकॉर्ड खराब आहे" या तीन शब्दांत मुलं काहीही कोंबतात. १० मैल जास्त वेगाचं तिकीट आणि दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा एकाच पिशवीत टाकू नका. सीडीएलच्या, म्हणजे ट्रक चालवण्यासाठी लागणाऱ्या व्यावसायिक लायसन्सच्या, नियमांत त्यांची पायरी वेगवेगळी आहे.

"गंभीर" म्हणून धरल्या जाणाऱ्या उल्लंघनांत वेगमर्यादेच्या १५ मैल किंवा त्याहून वर चालवणं, बेदरकार ड्रायव्हिंग, चुकीच्या पद्धतीने लेन बदलणं, पुढच्या गाडीच्या फार जवळून चालणं, ट्रक चालवताना हातात फोन धरणं किंवा मेसेज करणं हे येतं. ३ वर्षांत अशी दोन झाली तर सीडीएल ६० दिवस बंद, तीन झाली तर १२० दिवस. एकच असेल तर कायद्याने तुम्ही गाडी चालवू शकता. फक्त तुमच्या डोक्यावर घड्याळ सुरू झालेलं असतं.

"मोठे" गुन्हे वेगळे: नशेत गाडी चालवणं, चाचणीला नकार देणं, अपघात करून पळून जाणं, गुन्ह्यासाठी गाडी वापरणं. पहिल्यांदा १ वर्ष सीडीएल जातं, घातक माल भरलेला असेल तर ३ वर्षं. दुसऱ्यांदा झालं की आयुष्यभरासाठी जातं. काही गुन्ह्यांत राज्य १० वर्षांनी परत विचार करू शकतं. आणि हे ऐका, कारण अनेकांना माहीत नसतं: नशेतला गुन्हा तुमच्या स्वतःच्या कारमध्ये, रविवारी, कामावर नसताना झाला तरी सीडीएलवर तोच परिणाम होतो. ट्रकमध्ये तर रक्तातल्या दारूची मर्यादाच ०.०४ टक्के आहे, म्हणजे साध्या कारवाल्याला बहुतेक राज्यांत जी आहे तिच्या निम्मी.

या दोन्हींत न बसणारं बाकी सगळं, म्हणजे किरकोळ वेग, लाल सिग्नल, डॉकला लावताना शेजारच्या ट्रकचा आरसा फोडणं, हे कायद्यापेक्षा कंपनीच्या मर्जीवर आणि तिच्या विमा कंपनीवर सोडलेलं आहे. बहुतेक वाचक या गटात असतील. माझ्याही रेकॉर्डवर एकेकाळी एक स्पीडिंग आणि रिव्हर्स घेताना ठोकलेला एक ट्रेलर होता. त्या वेळी मला वाटलं होतं की धंदाच संपला. संपला नव्हता.

पायरी ३: चुकीची नोंद असेल तर ती दुरुस्त करून घ्या

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक टाळतात, आणि मला सर्वांत जास्त वाईट याचंच वाटतं. पदरात पडलेला हक्क कोणी वापरत नाही.

कोर्टात तिकीट रद्द झालं, पण एमव्हीआरवर अजून दिसतंय? कोर्टाकडून निकालाची प्रमाणित प्रत घ्या आणि राज्याच्या डीएमव्हीकडे जा. तीच गोष्ट पीएसपीमध्ये दिसत असेल तर एफएमसीएसएच्या डेटाक्यूज नावाच्या ऑनलाइन यंत्रणेवर तक्रार नोंदवा आणि तीच प्रत जोडा. तुमची चूक नसलेला अपघात असेल, उदाहरणार्थ मागून कोणी ठोकलं, समोरून कोणी उलट दिशेने आला, जनावर आडवं आलं, तर त्याच ठिकाणी तो "टाळता येण्याजोगा नव्हता" असा निर्णय मागता येतो. अपघात पुसला जात नाही, पण त्याच्यापुढे हा निर्णय छापला जातो. माझ्यासारख्या फाईल वाचणाऱ्याला तेवढं पुरतं. त्यासाठी पोलिसांचा रिपोर्ट लागतो. तो अजून मिळवला नसेल तर आजच अर्ज करा.

डॅकमधली नोंद खोटी वाटत असेल तर हायरराइटकडे लेखी वाद नोंदवा. साधारण ३० दिवसांत त्यांना तपास करावा लागतो. जुन्या कंपनीने तुमच्या सुरक्षेच्या इतिहासात चुकीचं कळवलं असेल तर तेही मागून बघण्याचा, दुरुस्तीची मागणी करण्याचा, आणि दुरुस्त करायला त्यांनी नकार दिला तर स्वतःची बाजू लेखी जोडण्याचा तुम्हाला केंद्रीय नियमांनी हक्क दिलेला आहे. माझ्या बाबतीत एका जुन्या कंपनीने मी नोटीस न देता सोडलं असं लिहिलं होतं. माझ्याकडे दोन आठवडे आधी पाठवलेला ईमेल होता. तो ईमेल जोडल्यावर नोंद बदलली. ईमेल नसता तर माझ्या शब्दाला काही किंमत नव्हती. नोकरी सोडताना नेहमी लेखी कळवा आणि ट्रक परत दिल्याची पावती, किल्ल्यांचा आणि ट्रेलरचा फोटो, सगळं जपून ठेवा.

आता एक इशारा. साधा कारवाला ट्रॅफिक स्कूलला जाऊन आपलं तिकीट रेकॉर्डबाहेर ठेवू शकतो. सीडीएलधारकाला ती वाट बंद आहे. राज्यांनी सीडीएलवाल्यांचे वाहतुकीचे गुन्हे लपवू नयेत असा केंद्राचा नियम आहे, आणि तो तुम्ही स्वतःच्या कारमध्ये असतानाही लागू होतो. म्हणून पुढे कधी तिकीट मिळालं तर घरी येऊन ऑनलाइन दंड भरून मोकळं होऊ नका. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला. आधी ट्रकवाल्यांच्या केसेस घेणाऱ्या वकिलाशी बोला. वकिलाची फी त्या दिवशी जड वाटते, पण ३ वर्षांचा पगार तिच्यासमोर ठेवून बघा.

पायरी ४: अर्ज

ट्रक ड्रायव्हरचा अर्ज दुकानातल्या नोकरीसारखा नसतो. कायदा सांगतो की त्यात मागच्या ३ वर्षांतले सगळे अपघात, पार्किंग सोडून सगळी तिकिटं, आणि सीडीएलच्या कामासाठी मागच्या १० वर्षांतल्या नोकऱ्या लिहायच्या. लायसन्स निलंबित किंवा रद्द झालं असेल तर तेही लिहायचं, आणि या प्रश्नाला वर्षांची मर्यादा नाही. प्रश्न नीट वाचा. "३ वर्षांत" विचारलं असेल तर ५ वर्षांपूर्वीचं सांगायची सक्ती नाही. "कधीही" विचारलं असेल तर सगळं सांगायचं.

पायरी १ मधली यादी घेऊन बसा आणि तारखा जशाच्या तशा उतरवा. नोकऱ्यांमध्ये रिकामे महिने असतील तर तेही लिहा: गावी गेलो होतो, आई आजारी होती, काम शोधत होतो. रिकामी जागा दिसली की फाईल वाचणारा सर्वांत वाईट अर्थ काढतो, हे मी स्वतः करतो म्हणून सांगतो.

प्रत्येक चुकीसाठी तीन-चार ओळींचं स्पष्टीकरण तयार ठेवा. काय झालं, माझं काय चुकलं, त्यानंतर मी काय बदललं. मी माझ्या अर्जात लिहिलेलं साधारण असं होतं: "डॉकला रिव्हर्स घेत असताना उजवीकडच्या ट्रेलरला माझ्या ट्रेलरचा कोपरा लागला. मी खाली उतरून जागा बघितली नव्हती. कोणाला इजा नाही. तेव्हापासून उजव्या बाजूने मागे घेताना मी दरवेळी उतरून बघतो, गरज पडली तर दोनदा." एवढंच. हवामान, डिस्पॅचर, समोरचा मूर्ख ड्रायव्हर यांची नावं घेऊ नका. त्यांची चूक असली तरीही नको. कंपनीला तुमच्या तोंडून तुमचा भाग ऐकायचा असतो.

पायरी ५: योग्य दार ठोठावा

नव्यांना वाटतं की नोकरी रिक्रूटर, म्हणजे कंपनीचा भरती करणारा माणूस, देतो. प्रत्यक्षात शेवटचा शब्द बऱ्याचदा विमा कंपनीचा असतो. भाड्याने साधा माल वाहणाऱ्या आंतरराज्य कंपनीला निदान ७ लाख ५० हजार डॉलरचा विमा लागतो, आणि विमा देणारी कंपनी कोणता ड्रायव्हर चालेल याचे निकष घालून देते. त्यामुळे रिक्रूटर गोड बोलतोय म्हणजे काम झालं असं धरू नका, आणि एका कंपनीने नाही म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. दुसरीचा विमा वेगळा असतो.

फार मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी कॉम्प्युटर लावतो. तिथे तुमचं स्पष्टीकरण कोणी वाचायच्या आधीच अर्ज पडतो. २०-५० ट्रकच्या कंपन्यांत माणूस फाईल वाचतो. कचरा वाहतूक, बांधकामाचे डंप ट्रक, रेडीमिक्स, शेतमाल, एकाच राज्यात फिरणारी कामं, इथेही दार उघडं असायची शक्यता जास्त. पगार सुरुवातीला कमी वाटेल, झोप मात्र घरी मिळते आणि वर्षभराचा स्वच्छ अनुभव जमा होतो. एक कटू गोष्टही सांगून ठेवतो: भारतात दहा वर्षं ट्रक चालवला असला तरी इथल्या विमा कंपन्या तो अनुभव सहसा धरत नाहीत. सीडीएल नुकतंच काढलं असेल आणि वर रेकॉर्डही खराब असेल, तर पहिलं वर्ष कुठे काढायचं एवढाच प्रश्न समोर ठेवा. मनासारखी नोकरी नंतर.

अर्ज पाठवण्याआधी फोन करा. नाव न सांगताही विचारता येतं: "३ वर्षांत चालत्या गाडीची (मूव्हिंग) दोन तिकिटं आणि एक किरकोळ रिव्हर्सचा अपघात, तुमच्या विम्यात बसतो का?" पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

मग ओरिएंटेशन, म्हणजे कामावर घेण्याआधी कंपनीत बोलावून घेतात ते सुरुवातीचे दिवस. यात मुलं पोळली गेली आहेत. कंपनी बसचं तिकीट पाठवते, मुलगा हजार मैल प्रवास करून पोहोचतो, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो आणि त्याला परत जायला सांगतात. बसमध्ये चढण्याआधी ईमेलवर विचारा: माझा एमव्हीआर, पीएसपी आणि डॅक सेफ्टी डिपार्टमेंटने बघून मंजूर केलाय का? मला परत पाठवलं तर परतीचं तिकीट कोण देणार? लेखी उत्तर आल्याशिवाय निघू नका.

ड्रग चाचणी फेल झाली असेल तर

इथे वाट वेगळी आणि लांब आहे. १८ नोव्हेंबर २०२४ पासून क्लिअरिंगहाऊसमध्ये "प्रतिबंधित" असलेल्या ड्रायव्हरचं सीडीएल राज्य काढून घेतं. परत यायचं तर एसएपी म्हणजे मान्यताप्राप्त समुपदेशकाकडे जायचं, त्याने सांगितलेला उपचार किंवा शिक्षण पूर्ण करायचं, मग देखरेखीखाली परतीची चाचणी द्यायची. कामावर लागल्यावर पहिल्या १२ महिन्यांत निदान ६ अचानक चाचण्या. नोंद ५ वर्षं, किंवा या चाचण्या पूर्ण होईपर्यंत, जे नंतर येईल तोवर राहते. अशा ड्रायव्हरांना घेणाऱ्या कंपन्या आहेत. फोनवर सरळ विचारा की तुम्ही एसएपी पूर्ण केलेल्यांना घेता का.

तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असेल. ट्रक ड्रायव्हरसाठी तो कुठेही कायदेशीर नाही. दुकानात मिळणाऱ्या सीबीडीच्या तेलाने चाचणी फेल झाली, हे कारणही चालत नाही. घरी बायको-मुलं वाट बघत असतात, त्यांच्यासाठी तरी या दोन्हींपासून लांब राहा.

पायरी ६: सही करण्याआधी

रेकॉर्ड खराब असलेला माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्याकडून काहीही सही करून घेता येतं, हे काही लोकांना पक्कं ठाऊक आहे. "तुला दुसरं कोणी घेणार नाही, आमचा ट्रक लीजवर घे, दोन-तीन वर्षांत तुझा होईल." हप्ता, विमा, डिझेल, दुरुस्ती सगळं तुमच्या पगारातून कापलं जातं आणि काही आठवडे हातात काहीच येत नाही. एफएमसीएसएने नेमलेल्या समितीने जानेवारी २०२५ मध्ये असे लीज-परचेस करार बंदच करावेत अशी शिफारस केली, यावरून ओळखा. माझं मत ठाम आहे: पहिल्या दोन वर्षांत लीज नको, कितीही गोड वाटलं तरी.

कंपनी तुम्हाला तपासते तसं तुम्हीही तिला तपासा. तिचा डॉट नंबर, म्हणजे केंद्रीय परिवहन खात्याचा नोंदणी क्रमांक, मागा आणि एफएमसीएसएच्या सेफर या साइटवर टाका. किती ट्रक, किती अपघात, तपासणीत किती गाड्या जागेवर थांबवल्या गेल्या, सगळं दिसतं. थांबवलेल्या गाड्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीशेजारीच छापलेलं असतं. ते फार जास्त असेल तर तिथले टायर आणि ब्रेक तुमच्या पीएसपीवर नव्या नोंदी आणतील. पगार डब्ल्यू-२ वर (कंपनीचा नोकर म्हणून) आहे की १०९९ वर (स्वतंत्र कंत्राटदार म्हणून), हेही विचारा. कंपनीचा ट्रक, कंपनीचे लोड आणि कंपनीची वेळ असताना १०९९ देत असतील तर कर आणि विमा तुमच्याच अंगावर पडणार आहे, आणि बेकारी भत्ता सहसा मिळणार नाही.

नोकरी लागल्यावरचं पहिलं वर्ष

जुनं तिकीट पुसता येत नाही, पण त्याच्याखाली नव्या चांगल्या ओळी लिहिता येतात. रस्त्यावरची तपासणी झाली आणि काही दोष निघाला नाही, तर तीही पीएसपीत जाते. रोज निघण्याआधी गाडीभोवती पूर्ण फेरी मारा: दिवे, टायर, ब्रेकच्या नळ्या, मालाचे पट्टे. तपासणीसाठी थांबवलं तर घाबरू नका, कागद एका फोल्डरमध्ये तयार ठेवा आणि इंग्रजीत शांतपणे उत्तर द्या. इंग्रजीचा सराव मनावर घ्या. २५ जून २०२५ पासून अधिकाऱ्याशी इंग्रजीत बोलता आलं नाही किंवा रस्त्यावरच्या पाट्या वाचता आल्या नाहीत तर ड्रायव्हरला तिथेच गाडीवरून उतरवतात.

या वर्षात तिकीट लागलंच, तर निकालानंतर ३० दिवसांत मालकाला कळवणं बंधनकारक आहे, कारमध्ये लागलं असलं तरी. लायसन्स निलंबित झालं तर कळल्यानंतरच्या पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर. कंपनी दरवर्षी तुमचा एमव्हीआर बघतेच, त्यामुळे तुमच्या तोंडून आधी कळलेलं बरं.

आणि पहिल्या दिवशी केलेली ती वहीतली यादी टाकून देऊ नका. प्रत्येक नोंदीपुढे तिला ३ वर्षं कधी पूर्ण होतात ती तारीख लिहा. त्या तारखेनंतर महिनाभराने एमव्हीआर पुन्हा मागवा. बऱ्याच कंपन्यांच्या मोजणीतून ते तिकीट तेव्हा गळलेलं असतं, आणि ज्या कंपनीने आज नाही म्हटलं तिला त्या आठवड्यात पुन्हा फोन करता येतो.